मागाच्या घरातली बालवाडी : वडगावच्या एका जागेचा प्रकरण अभ्यास

बेळगाव शहराच्या दक्षिण अंगाला वडगाव, शहापूर, खासबाग हा विणकरांचा पट्टा आहे. इथली जुनी घरं भिंतीला भिंत लावून उभी असतात. रस्त्याकडं तोंड अरुंद, आत लांबच लांब. पुढं कट्टा, मग सोपा म्हणजे बसाउठायची पुढची खोली, त्यामागं मागाची खोली, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यात शेवटी परडं, म्हणजे मागचं अंगण. या प्रकरणातलं घर तसंच आहे, 18 फूट रुंद आणि सुमारे 95 फूट खोल, पूर्वेला तोंड करून. घरातले हातमाग बंद पडून बरीच वर्षं झाली, मालकांची मुलं पुण्याला स्थायिक झाली. गल्लीतल्या महिला मंडळानं हे घर बालवाडीसाठी भाड्यानं घेतलं आणि मांडणी करून द्यायचं काम माझ्याकडं आलं.

बालवाडी नवी नव्हती. आधी ती देवळाच्या सभामंडपात भरायची. 3 ते 6 वर्षांची 38 मुलं, दोन बाई आणि एक मदतनीस मावशी. आया बहुतेक यंत्रमागावर नाहीतर सुताच्या कांड्या भरायच्या कामाला, म्हणून वेळ सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेचार. काहींच्या घरी मराठी, काहींच्या घरी कन्नड, थोड्यांच्या घरी उर्दू, आणि मुलं आपसात तिन्ही मिसळून बोलतात. सभामंडपात जागा भरपूर होती. पण लग्न, भंडारा, गणपती, काहीही आलं की बालवाडी बंद. शिवाय रोज संध्याकाळी सगळं सामान पेटीत भरून ठेवावं लागे, त्यामुळं मुलांनी आज अर्धवट रचलेलं घर उद्या पूर्ण होईल, असं कधी घडायचंच नाही.

मंडळानं आपली मागणी वहीच्या पानावर लिहून दिली होती. सोप्यात मोठा वर्ग, भिंतींवर कार्टूनची रंगीत चित्रं, छोटी बाकं, दारात एक घसरगुंडी. आणि शेवटची ओळ : परड्याला दार करून कुलूप लावणे.

"परड्यात चिखल हाय, आड हाय. पोरं तिकडं नकोतच की हो," मंडळाच्या अध्यक्ष अक्का म्हणाल्या.

त्यांची भीती अगदी खरी होती. आडाचा कठडा गुडघ्याएवढा. जमीन काळी, पावसात पाय घोट्यापर्यंत रुतायचा. कोपऱ्यात जुना अंधारा संडास आणि फुटक्या कौलांचा ढीग, म्हणजे विंचवा-सापाला आयती जागा. तरीही सगळ्यात आधी परडंच हाताळावं आणि पैशातला मोठा वाटाही तिथंच जावा, हे माझं मत पहिल्या दिवसापासून होतं आणि आजही आहे. चार वर्षांच्या मुलाला सात तास चार भिंतींत ठेवायचं, तेही दोन्ही अंगांनी बंद असलेल्या बोगद्यासारख्या घरात, म्हणजे दिवसाचा निम्मा वेळ बाईंनी त्याला "बस, बस" म्हणण्यात घालवायचा.

मंडळाला हे नुसतं सांगून पटलं नसतं, म्हणून आकडे मांडले. केंद्र सरकारच्या 2013 च्या बालसंगोपन व शिक्षण धोरणासोबत जी गुणवत्ता मानकं आली, त्यांत 30 मुलांमागं आत किमान 35 चौरस मीटरचा वर्ग आणि बाहेर किमान 30 चौरस मीटर मोकळी जागा सांगितली आहे. 3 ते 6 वयाच्या 20 मुलांमागं एक मोठं माणूस, हेही. आपल्या 38 मुलांना त्या हिशेबानं आत सुमारे 44 चौरस मीटर, म्हणजे पावणेपाचशे चौरस फूट लागतात आणि बाहेर सुमारे 410 चौरस फूट. नुसता सोपा भरतो 396. म्हणजे मंडळाच्या मनातला "मोठा वर्ग" एकट्यानं पुरणारच नव्हता, मागाची खोली धरावीच लागणार होती. आणि परड्याला कुलूप लावलं की बाहेरची जागा शून्य. अंगणवाडी सेवेतल्या एक मावशी बैठकीला आल्या होत्या, त्यांनी हा हिशेब लगेच उचलला. त्या म्हणाल्या, आमच्याकडं इमारत आहे पण अंगण नाही, तुमच्याकडं आहे तर घालवू नका.

मराठीतली बालवाडी मुळात अंगणातच वाढली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढं कोसबाडच्या टेकडीवर काम नेलं, तेव्हा पाड्यावरच्या मुलांना शिकवायला त्यांच्याकडं बाकं नव्हती. पानं, बिया, खडे, शिंपले हेच साधन होतं आणि झाडाखालची सारवलेली जमीन हाच वर्ग. सरकारी अंगणवाड्या त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 1975 मध्ये, एकात्मिक बाल विकास सेवेबरोबर आल्या. तो काम करायचा रिवाज आपल्याजवळ असताना प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर पैसे घालणं मला पटत नव्हतं.

परडं

वडगाव-शहापूरची शिवारं बासमती भातासाठी ओळखली जातात, ती याच काळ्या जमिनीमुळं. भाताला ती सोन्यासारखी, बांधकामाला मात्र त्रासाची. पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट कोबा घातला तर दोन पावसाळ्यांत त्याचे तुकडे होतात. शेजारच्या दोन परड्यांत तसे झालेले गवंड्यानंच दाखवले. म्हणून फूटभर काळी माती काढली, मुरूम दोन थरांत पाणी मारून धुमसला आणि वरची फरसबंदी सिमेंटात न बसवता वाळूत बसवली. जमीन हललीच तर चार दगड उचलून परत लावता येतात.

दगड कोणता, यावर बराच खल झाला. गवंड्याला जांभा हवा होता, कारण पश्चिमेकडून तो सहज येतो आणि दिसतो देखणा. पण जांभा पाणी धरतो आणि बेळगावच्या पावसात त्यावर शेवाळ चढतं. धावणाऱ्या मुलांसाठी ते वाईट. तेव्हा चालायची वाट टाकी मारलेल्या काळ्या दगडाची केली आणि जांभा फक्त वाफ्यांच्या काठाला आणि उंचवट्याच्या पायऱ्यांना वापरला. सगळ्या परड्याला मागच्या बोळातल्या गटाराकडं उतार दिला. गटारावर भोकांची फरशी टाकली, भोकं मुलाच्या पायाचा अंगठा अडकणार नाही एवढी बारीक.

काढलेली काळी माती टाकून दिली नाही. तिचाच एक उंचवटा केला, दोन फूट उंच, आत सिमेंटचा मोठा पाइप आडवा पुरून. वरून चढायचं, खालून रांगत जायचं. दोन फूट उंची मोठ्या माणसाला काहीच वाटत नाही, पण तीन वर्षांच्या मुलाला ती छातीपर्यंत येते. तिथून पडलं तर खाली मातीच आहे. झोपाळा मात्र नाकारला. झोपाळ्याच्या पुढं-मागं मोकळी जागा सोडावी लागते आणि 18 फुटांच्या परड्यात एका झोपाळ्यानं सगळी जागा खाल्ली असती. झोपाळ्यावर एका वेळी एकच मूल, बाकीची रांगेत उभी, हे गणितही मला नको होतं.

एका देणगीदारांनी पत्र्याची घसरगुंडी देऊ केली. परडं पश्चिमेला, एप्रिलच्या दुपारी तो पत्रा हात लावू देणार नाही, हे सांगितल्यावर त्यांनी समजून घेतलं आणि तेवढ्या पैशांची नदीची वाळू दिली. वाळूच्या हौदाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक बालवाड्यांत तो दोन महिन्यांत मांजरांचा होतो. खोली दीड फूट, तळाशी खडीचा थर आणि पाणी जायला पाइप. वाळू नदीचीच, धुऊन चाळलेली. बाजारात सर्रास मिळणारी एम-सँड दगड फोडून केलेली असते, तिला धार असते आणि धूळही फार. हौदावर रोज संध्याकाळी लाकडी चौकटीची जाळी टाकायची आणि ते काम मोठ्या गटातल्या दोन मुलांचं. हौद नव्या पडवीच्या वळचणीच्या आत घेतला, त्यामुळं जून ते सप्टेंबरही तो चालू राहतो.

झाडांवरून खरी ओढाताण झाली. परड्यात पिवळी कण्हेर होती, पूजेची फुलं गल्लीभर तिथून जायची. कण्हेरीचं पान, फूल, बी सगळंच विषारी. लहान मुलं असलेल्या जागेत ती ठेवताच येत नाही. शेजारच्या आजींना वाईट वाटलं, पण त्यांनीच ती काढून जास्वंद आणि मोगरा लावायला सांगितला. शेवग्याचं तसं झालं नाही. त्याच्या शेंगा बालवाडीच्या आमटीत पडायच्या आणि मावशींचा जीव त्या झाडात होता. पण पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात, अंगाला लागल्या की गांधी उठतात, आणि फांदी इतकी ठिसूळ की मूल लोंबकळलं तर मोडणारच. शेवटी झाड गेलं. त्याच्या जागी पेरू लावला आहे. पेरूची फांदी वाकते, मोडत नाही.

आडावर लोखंडी जाळी बसवली, गजांत चार इंचांपेक्षा कमी अंतर, कुलूप लावलेली, कठडा तीन फुटांपर्यंत वाढवलेला आणि कठड्यालगत चढायला आधार होईल असं काहीही ठेवायचं नाही. पूर्ण स्लॅब टाकून बुजवावा अशीही सूचना होती. पण बाळंतिणी इथं आडाची पूजा करायला येतात आणि आपल्या परड्यातलं पाणी दिसणं ही मुलांसाठीही मोलाची गोष्ट आहे. पावसाळ्यात पाणी किती वर आलं, उन्हाळ्यात किती खाली गेलं, हे मुलं जाळीतून रोज बघतात.

पडवी

या घराला मुळात पडवी नव्हतीच. स्वयंपाकघराचं दार उघडलं की थेट परडं. बेळगावात जून ते सप्टेंबर पावसाची झड पश्चिमेकडून येते, म्हणजे नेमकी याच बाजूला. बाहेर जायचं तर भिजायचं, नाहीतर आत बसायचं, तिसरा मार्ग नाही. तो मार्ग म्हणजे पडवी. पैसे कमी असतील तर रंग, बाकं, खेळणी सगळं राहू द्या, पण पडवी करा, असं मी कुठल्याही बालवाडीला सांगेन.

परड्यातली 8 फूट पट्टी घेऊन पडवी उतरवली. कौलारू पाखं पुढं ओढून वळचण खाली आणली, मोठ्या माणसाला जरा वाकावं लागतं एवढी. त्यामुळं झड आतपर्यंत येत नाही आणि दुपारचं ऊनही अडतं. पत्रा स्वस्त पडला असता. पण पत्र्यावर पाऊस सुरू झाला की बाईंचं बोलणं शेजारच्या मुलालाही ऐकू जात नाही, आणि मार्चपासून खाली भट्टी. खानापूरकडची कौलं आपल्या पायाशी असताना पत्रा कशाला? पडवीच्या कडेला दीड फूट उंच कट्टा आहे. मूल त्यावर बसतं, त्याच्यावरून वाकून बाहेर हात काढून पागोळ्या झेलतं, त्याच्यावर भांडी मांडतं. जोराच्या वाऱ्यात वरच्या भागाला बांबूचे पडदे सोडता येतात.

जमिनीची पातळी ठरवताना शेजारच्या आजींचा उपयोग झाला. 2019 च्या ऑगस्टमधल्या पावसात परड्यात पाणी कुठवर चढलं होतं, ती भिंतीवरची खूण त्यांनी बोट ठेवून दाखवली. पडवी त्या खुणेच्या वर घेतली. तरी ती घरापेक्षा पाच इंच खाली आहे, म्हणून एका कडेला पाच फूट लांबीचा उतार केला. एक मुलगी वॉकर घेऊन चालते. एकास बाराचा हा उतार तिच्यासाठी केला, पण ढकलगाड्या, बादल्या, रिकामी पोती घेऊन दिवसभर सगळीच मुलं त्यावरून जातात.

पडवीच्या उत्तर टोकाला मुलांचा संडास आणि न्हाणी आणली. जुना संडास परड्याच्या टोकाला, अंधारात, मोठ्यांच्या मापाचा. सभामंडपातून घर बघायला आणलेली मुलं तिथं जायला तयारच नव्हती. आता लहान मापाची दोन भांडी, प्रत्येकाशेजारी धरायला पाइप, तीन फूट उंचीची अर्धी दारं. मुलाला आडोसा मिळतो आणि मावशींना वरून डोकं दिसतं. नळ जमिनीपासून वीस इंचांवर. फरशी शहाबादी, पण पॉलिश न केलेली. वर दोन काचेची कौलं. जेवणाआधी हात धुवायला रांग लागू नये म्हणून पडवीत एकाच लांब मोरीवर तीन नळ ठेवले. ही मोरी कामाची निघाली. पाणी इकडून सोडायचं आणि तिकडं भोकातून पडताना बघायचं, हा खेळ त्यावर कायम चालू असतो. एक मुलगी रोज मोगऱ्याची एकेक कळी सोडते आणि ती दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत मोरीलगत चालत जाते. कळी भोकाशी अडकली तर बोटानं हलवते, परत पहिल्या नळाशी येते. बाई तिला हटकत नाहीत, हे मला फार आवडलं.

मागाची खोली

घराच्या पोटातली ही खोली सगळ्यात अवघड. उत्तर-दक्षिण दोन्ही भिंती शेजाऱ्यांच्या, खिडकी एकही नाही, दिवसा दिवा लावावा लागायचा. राष्ट्रीय इमारत संहितेत खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या मानानं सांगितलं आहे : उष्ण कोरड्या हवेत एक दशांश, उष्ण दमट हवेत एक षष्ठांश. 330 चौरस फुटांच्या या खोलीला म्हणजे किमान 33 चौरस फूट उजेडाची वाट हवी होती. नुसत्या काचेच्या कौलांनी ते भागलं नसतं. मागचं स्वयंपाकघर पूर्ण रुंदीचं होतं, ते एका अंगाला 7 फुटांत बसवलं आणि उरलेली जागा मोकळी सोडली. मधली भिंत पाडून तुळई घातली. आता सोप्यात उभं राहिलं की मागाच्या खोलीतून, पडवीतून थेट पेरूपर्यंत नजर जाते. उजेड आला, वारा वाहू लागला आणि दोन बाईंना तीन ठिकाणची मुलं एका नजरेत दिसू लागली. पूर्वेच्या पाख्यावर काचेची कौलं टाकली, म्हणजे सकाळचा उजेड मिळतो आणि दुपारचा ताप टळतो. त्याखाली गल्लीतच विणलेलं पांढरं सुती कापड ताणून लावलं आहे, काढून धुता येईल असं, कारण कौलांच्या घरात धूळ वरून पडतच राहते.

जमिनीत खड्डामागाचे दोन खड्डे होते. विणकर ज्यात पाय सोडून बसतो, ते. मंडळ दोन्ही बुजवणार होतं. एक बुजवला. दुसरा ठेवायला मी आग्रह धरला. त्यात मुरूम भरून खोली फूटभरच ठेवली, थोडा रुंद केला, दोन पायऱ्या केल्या, शहाबादी बसवली, काठावर लाल पट्टी ओढली. हा गोष्टीचा खड्डा. काठावर सात-आठ मुलं पाय सोडून बसतात, मध्ये बाई. मुलांचे आजोबा कधी येतात तेव्हा आपण इथं कसं बसायचो, पावडी पायानं कशी दाबायची, आडवं सूत नेणारा धोटा कसा जायचा, ते करून दाखवतात. आपल्या आज्यानं काय काम केलं हे मुलाला त्याच जागी बसून कळतं, त्याला कुठल्या तक्त्याची गरज नाही.

आवाज

दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांचे यंत्रमाग दिवसभर चालतात. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज सहज 90 डेसिबलच्या वर असतो. वर्गात तो 35 डेसिबलपर्यंत असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. तेवढी शांतता वडगावात मिळणार नाही, पण बोलणं स्पष्ट ऐकू येणं ही चैन नव्हे. तीन वर्षांचं मूल भाषा कानानंच उचलतं, आणि इथं तर एकाच वेळी दोन-तीन भाषा उचलायच्या असतात. शब्दाचा शेवट गोंगाटात बुडाला तर तो त्याला कळतच नाही.

भिंत जाड करायचा विचार होता. वर चढून पाहिल्यावर दिसलं की शेजाऱ्यांच्या आणि आपल्या मधली भिंत कौलापर्यंत गेलेलीच नाही. वाशांच्या पातळीला ती थांबते आणि वर हातभर फट. जुन्या जोडघरांत हे नेहमीचं. आवाज त्या फटीतून येत होता. विटा रचून ती फट कौलापर्यंत बंद केली, गिलावा केला, आणि निम्मं काम तिथंच झालं. शेजाऱ्यांशी अक्का स्वतः बोलल्या, त्यांनी मागांच्या पायाखाली रबराचे तुकडे बसवू दिले, त्यानं जमिनीतून येणारी थरथर कमी झाली. दक्षिण भिंतीला कपाटं आणि सामानाच्या फळ्या लावल्या. दुपारी झोपायची जागा उत्तरेला. जमिनीवर सुती सतरंज्या, भिंतीवर जुन्या साड्यांच्या गोधड्या, त्यामुळं आतला घुमारा बसला.

आतलं बाकीचं

यावर फार लिहीत नाही, कारण यात फार पैसाही गेला नाही. बाकं घेतलीच नाहीत. दहा-अकरा इंच उंचीचे पाट आणि काही चौरंग. फळ्या अडीच फुटांच्या आत, मुलाला स्वतः घेता-ठेवता याव्यात म्हणून. प्रत्येकाच्या खणावर अक्षरांऐवजी त्यानं स्वतः निवडलेलं चित्र : धोटा, बेडूक, रिक्षा, कणीस. तीन भाषांच्या मुलांत ते सगळ्यांना सारखंच वाचता येतं. भिंतीचा खालचा तीन फूट भाग काळ्या रंगाचा, खडूनं रेघोट्या ओढायला, वर साधा चुना. कार्टूनची चित्रं नकोत हे पटवायला वेळ लागला. मूल रंगवलेली भिंत आठवडाभर बघतं, मग ती त्याला दिसेनाशी होते, आणि त्याचं स्वतःचं चित्र लावायला जागा मात्र उरत नाही. खेळणी म्हणून गल्लीतल्याच रिकाम्या कांड्या, टोकं घासून गुळगुळीत केलेल्या, सुताची रिकामी बॉबिनं, कापडाचे तुकडे, आणि भातुकलीला खानापूरची मातीची भांडी.

पुढच्या कट्ट्यावर एक बाक ठेवला आणि दाराला आत अर्धा दरवाजा, कडी बाहेरच्या बाजूनं वर. सकाळी रडणाऱ्या मुलाजवळ आजी तिथं थोडा वेळ बसू शकते. गल्लीत दुचाक्या सुसाट जातात, म्हणून सोडायचं-न्यायचं ते या दारातूनच, मावशींच्या हातात.

पावसाळा गेल्यावर

पहिल्या जूनमध्ये बाईंनी मुलांना पडवीच्या पुढं सोडलं नाही. जुलैत एकदा उघडीप मिळाली तेव्हा मुलं उंचवट्यावर गेली आणि त्यानंतर त्यांना थांबवता आलं नाही. ज्येष्ठातल्या अमावास्येला घरोघरी मातीचे बैल करतात, त्या वेळी उंचवट्यातलीच काळी माती काढून मुलांनी बैल केले आणि ते पडवीच्या कट्ट्यावर वाळत घातले. दमट हवेत ते वाळायला आठवडा लागला. कुणाचं शिंग मोडलं की परत माती, परत पाणी. रोज सामान पेटीत भरायचं नसल्यामुळंच हे झालं.

तक्रार आली ती कपड्यांची. चिखलानं भरलेला गणवेश रोज धुवायचा कुणी? मागावरून थकून आलेल्या आईचा हा प्रश्न रास्त आहे आणि "मुलांना खेळू द्या" असं सांगून तो सुटत नाही. मंडळानं गणवेश आठवड्यातून दोनच दिवस केला आणि पडवीत प्रत्येकाच्या चित्राखाली एक खुंटी मारून तिथं जुना सदरा टांगायचा ठरवलं. बाहेर जाताना तो घालायचा. मावशींचं काम मात्र वाढलं आहे. त्यांना पडवी दिवसातून तीनदा धुवावी लागते, आणि त्यासाठी त्यांचा पगार वाढायला हवा, हे मी मंडळाला लेखी दिलं आहे.

गोष्टीच्या खड्ड्यात दुपारी मुलं झोपू लागली, फूटभर खोल गार जागेत एकमेकांना खेटून. बाईंनी त्यात सतरंजी टाकली आणि गोष्टीची वेळ सकाळी घेतली. पाइपमधून रांगणं तीन वर्षांच्या मुलांना आधी नको होतं, आत अंधार म्हणून. उंचवट्याच्या माथ्यावरून पाइपला एक भोक पाडलं, उजेडाची तिरीप आत आली, आणि आता तिथून बाहेर काढणंच अवघड.

तीन वर्षांखालची

बालवाडी नीट चालायला लागल्यावर आया आणखी लहान मुलं घेऊन येऊ लागल्या आहेत. दीड वर्षाचं, वर्षाचं. कायद्यात 2017 पासून 50 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघर देणं बंधनकारक आहे. पण वडगावातल्या शेडमध्ये चार माग नि पाच माणसं. हा कायदा या आयांपर्यंत पोहोचतच नाही, आणि बाळ मागाशेजारी झोळीत, त्याच आवाजात, त्याच सुताच्या धुळीत वाढतं.

मानकानुसार तीन वर्षांखालच्या 10 मुलांमागं एक माणूस लागतं. त्यांना रांगायला वेगळी जागा, आडवं छोटं फाटक, दूध गरम करायची सोय, कपडे बदलायचा ओटा हवा, आणि मोठ्या मुलांच्या कांड्या-बिया त्यांच्या तोंडात जाणार नाहीत एवढं अंतर. आहे त्या 38 मुलांत ही बाळं कोंबली तर दोघांचंही नुकसान होईल, म्हणून मी तसं करू नका म्हणालो. मोठ्या मुलांची संख्या 30 वर आणावी, एक बाई जास्त घ्यावी आणि सहा-सात बाळं घ्यावीत, असा माझा प्रस्ताव आहे. त्यात आठ मोठ्या मुलांना नाही म्हणावं लागेल, आणि ती मुलंही याच गल्लीतली. अक्कांना ते जड जातंय. मंडळाची बैठक दिवाळीनंतर आहे. तोवर सोप्याच्या उत्तर भिंतीलगतची 8 फुटांची पट्टी मी नकाशात बाळांसाठी मोकळी धरली आहे आणि तिथं सध्या एकही कपाट ठोकू नका, असं सुताराला सांगून ठेवलं आहे.